डॉक्टरचा उपवास

माझं शिक्षण चौथी. आजाराचं इंग्रजी नाव मला धड बोलता येत नाही, म्हणून इथं लिहीत नाही. ते कागदावर आहे आणि कागद कपाटात आहे. मी हे लिहिते ते दुसऱ्या कारणासाठी. आमच्यासारख्या एखाद्या घरात कुणाला असं होत असेल, तर त्या घरच्यांनी दोन वर्षं वाया घालवू नयेत. आम्ही घालवली.

मी सरस्वती. वय सदुसष्ट, शाळेच्या दाखल्यावर चौसष्ट. भातकुलीच्या रस्त्यावर आमचं गाव आहे. दीड एकरात फुलं लावतो: झेंडू, शेवंती, थोडी गुलछडी. मालक जाऊन बारा वर्षं झाली. घरात मुलगा दिलीप, सून वंदना, आणि शेजारच्या घरात माझी मोठी जाऊ गोदाबाई. पहाटे फुलं तोडायची, टोपल्या भरायच्या, ऑटोनं अमरावतीला न्यायच्या, हे काम मी पंचेचाळीस वर्षं केलं. त्यात कधी खाडा पडला नाही.

देवी

मंगळवारचा उपवास मी लग्नाआधीपासून धरते. दिवसभर पाणी, बाकी काही नाही. संध्याकाळी देवीच्या ठाण्यावर आरती झाली की प्रसाद खाऊन सोडायचा.

एका मंगळवारी आरती चालू असताना मी डोलायला लागले म्हणे. म्हणे असं लिहिते, कारण मला त्यातलं काही आठवत नाही. माझे डोळे एका जागी लागले. गोदाबाईनं हाक मारली तर मी तिलाच "पोरी" म्हटलं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे. बायकांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पायावर पाणी घातलं आणि एकेक जण आपली अडचण विचारायला लागली. मी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून "बरं होईल" म्हणत होते.

खरं तर तिथंच कुणाला तरी शंका यायला पाहिजे होती. मी कुणाशी दोन शब्द नीट बोलत नाही, हे गावाला माहीत आहे. पण बायकांना तेवढाच पुरावा पुरला. ही सरू नाही, सरूच्या तोंडून इतकं चांगलं निघणारच नाही, म्हणजे देवीच.

मग कुणीतरी प्रसादाचं गूळ-खोबरं माझ्या तोंडात घातलं. पाव तासानं मी भानावर आले आणि विचारलं, "माह्या कपाळावर हे एवढं कुंकू कोणं थापलं व?"

"गेली," गोदाबाई म्हणाली. "देवी गेली, आता ही सरूच होय."

त्यानंतर दर मंगळवारी नाही, पण महिन्यातून दोनदा तरी ती यायची. एकादशीला यायची. नवरात्रात तर रोज. आजूबाजूच्या गावांतून बायका यायला लागल्या. गोदाबाईनं माझ्यासाठी वेगळी सतरंजी आणली आणि बायकांचे नंबर लावायला लागली. तिच्या आयुष्यात इतका मान तिला कधी मिळाला नव्हता, हे मी पाहत होते.

मला काय माहीत होतं

आता खरं लिहिते. मला माहीत होतं की ती देवी नाही.

कारण तसं नुसतं मंगळवारीच होत नव्हतं. पहाटे फुलं तोडताना मी ओळ चुकायला लागले होते. एकदा शेवंतीची अख्खी ओळ तोडली आणि नंतर टोपलीत पाहिलं तर सगळ्या कळ्या. एकदा बाजारात टोपल्या उतरवल्या आणि चालत जाऊन भलत्याच, बडनेऱ्याच्या ऑटोत बसले. ऑटोवाल्यानं विचारलं, कुठं उतरायचं. मला माझ्या गावाचं नाव येईना. त्यानं मला चहा पाजला. चहा पोटात गेल्यावर नाव आलं.

घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. ओटीला गूळ-फुटाण्याची पुडी बांधायला लागले. दर थोड्या वेळानं तोंडात टाकायची, का ते मला कळत नव्हतं, पण हात आपोआप जायचा. दोन वर्षांत माझं वजन बारा किलो वाढलं. भेटेल तो म्हणायचा, "बुढीची तब्येत काय खुलली बाप्पा." आजारात तब्येत खुलते हे कुणाला माहीत असणार?

भीती कसली होती ते लिहिते. माझ्या मायचं डोकं शेवटी फिरलं होतं. तिला मागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. चार वर्षं. मी माहेरी जायची तेव्हा त्या खोलीतून ती मला भलत्याच नावानं हाका मारायची. मला ती कडी नको होती. वेडी म्हणवून घ्यायचं का देवी म्हणवून घ्यायचं, एवढाच प्रश्न होता. वेडीला कडी मिळते, देवीला नारळ. मी गप्प बसले.

पण कळ्यांची गोष्ट दिलीपला कळली. एक दिवस तो जेवताना खाली मान घालून म्हणाला, "माय, आता वावरात एकटी नोको जात जाऊ. घरीच राय. मागच्या खोलीत पंखा लावून देतो."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण मला पंखा दिसलाच नाही. मला कडी दिसली.

साखर

वंदना अकोल्याची. तिच्या वडिलांना मधुमेह आहे, ते रोज सुई घेतात. हे एवढ्यासाठी सांगते की आमच्या घरात कुणालाच जे दिसलं नाही ते तिला त्यामुळे दिसलं.

त्या मंगळवारी ठाण्यावरचा नारळ नासका निघाला आणि गूळ आणायचा राहिला. म्हणजे प्रसादच नाही. देवी जाईना. बायका खूश, नंबर भराभर लागत होते. अंधार पडायला आला तरी मी आले नाही म्हणून वंदना मला न्यायला आली. तिनं माझा हात धरला. हात थंडगार आणि ओला. ती तशीच वळली, जवळच्या घरातून मूठभर साखर आणली आणि माझ्या गालात भरायला लागली.

"देवीच्या तोंडात काय कोंबून राहिली व?" गोदाबाई ओरडली.

"साखर."

"नैवेद्य दाखवल्याबिगर?"

"दाखवा तुमी. तोवर मी चारते."

दहा मिनिटांनी मी गोदाबाईला विचारलं, माझा विळा कुठाय.

दुसऱ्या दिवशी वंदना अकोल्याला गेली आणि वडिलांचं साखर मोजायचं मशीन मागून आणलं. पुढच्या मंगळवारी ती ठाण्यावर सकाळपासूनच बसली. माझे डोळे लागले तसं तिनं माझं बोट टोचलं. बायकांत एकच गलका झाला की सुनेनं देवीचं रक्त काढलं. एकीनं तर तिच्या हाताला धरून ओढलं. पण तोवर मशीनवर आकडा आला होता. एकेचाळीस.

वंदनानं एका हातानं माझ्या तोंडात साखर घातली आणि दुसऱ्या हातानं तो आकडा सगळ्यांसमोर धरला. साखर सत्तरच्या खाली जायला नको, हे तिथं फक्त तिला माहीत होतं.

गोदाबाई चार महिने तिच्याशी बोलली नाही. भिंतीला भिंत लागून घर आहे. भाजीला मीठ पाहिजे असलं तरी ती माझ्या नावानं हाक मारायची.

अकोला

मी, दिलीप आणि वंदना मूर्तिजापूरवरून एसटीनं अकोल्याला गेलो. डॉक्टर वंदनाच्या वडिलांचाच, वयानं कोवळा, पण ऐकून घेणारा. त्यानं आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि वंदनाला बाहेर पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आजी, तुम्ही साखरेची गोळी घेता?"

"मले साखरच नाई, गोळी कायची?"

"घरात कोणी दुसऱ्या कसल्या नावाखाली एखादी गोळी देतं का? सूनबाईंच्या वडिलांकडे त्या गोळ्या असतील. घाबरू नका, मला विचारावं लागतं."

मी म्हटलं, "ते देत असती तर तिनं मले तुह्यापाशी आणलं असतं काय? घरीच मारलं असतं न आरामात."

तो हसला, पण त्यानं तपासणी लिहिलीच. बरोबर केलं. डॉक्टरनं कुणाच्या चेहऱ्यावर जाऊ नये. बाहेर आल्यावर मी वंदनाला सांगितलं की तुझ्यावर संशय आहे. ती म्हणाली, "असू द्या. मी बी तेच विचारलं असतं."

गोळीचा काही माग निघाला नाही. मग डॉक्टर म्हणाला, तुम्हाला दवाखान्यात ठेवून उपाशी ठेवावं लागेल. पाण्याशिवाय काही नाही. साखर खाली जाईपर्यंत, लागले तर तीन दिवस.

मी दिलीपकडे पाहिलं. पन्नास वर्षं उपवास धरले, ते सगळे घरी. हा पहिला, ज्यासाठी भरती व्हायचं होतं.

उपवास

रात्रीचं जेवण झालं आणि घड्याळ लागलं. हाताला सुई, थोड्या थोड्या वेळानं रक्त. नर्स मोठ्या हाडाची, कमी बोलणारी, माझ्यासारखीच. आमचं जमलं.

शेजारच्या खाटेवर बाळापूरकडची एक बाई होती, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली. सकाळी सगळ्यांना नाश्ता आला, मला नाही.

"कोणता उपास हाय व बाई?" तिनं विचारलं.

"डॉक्टरचा."

"हा नवीनच निघाला काय? कोणत्या वारी येते?"

"वार नाई. भोवळ येईपर्यंत करा लागते."

तिला माझी फार दया आली. दुपारी नर्स बाहेर गेली तशी तिनं बिस्किटाचा पुडा माझ्या उशीखाली सरकवला. "लपून खाय," म्हणाली. "देवाले दिसते, डॉक्टरले काय दिसते." मी तो पुडा नर्सला दिला. मला बिस्किटाची भूक नव्हती असं नाही. पण मला माझ्या डोक्याचं काय झालं ते कळायला पाहिजे होतं, आणि ते त्या पुड्यापेक्षा मोठं होतं. नर्सनं तो पुडा चहासोबत खाल्ला.

खरं म्हणजे मला घाम फुटायला हवा होता, हात कापायला हवे होते. काहीच झालं नाही. मी खिडकीतून बाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत होते आणि मग पाहत नव्हते. पुढचं वंदनानं सांगितलेलं आहे. डॉक्टर आला, म्हणाला, आजी, नाव सांगा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तुझं लग्न याच वर्षी होईल, पोरा."

त्याला दोन मुलं आहेत.

बाळापूरच्या बाईनं हात जोडले. डॉक्टरनं तेवढ्यात रक्त घेतलं आणि नर्सनं सुईतून साखर सोडली. मी डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते. घड्याळात अडीच वाजले होते. मी विचारलं, "झालं काय?"

"झालं," डॉक्टर म्हणाला. "आजी, तुम्ही पास."

उपाशी डोकं

दोन दिवसांनी तो मला समजवायला बसला. तो काय म्हणाला ते माझ्या शब्दांत लिहिते.

बाकीचं अंग अडचणीत चरबीवर भागवून घेतं. डोक्याचं तसं लगेच होत नाही, त्याला साखर लागते. आणि डोकं आपल्याजवळ साठा ठेवत नाही. रक्तातून येईल तेवढ्यावर चालतं. म्हणून ते सारखं लक्ष ठेवून असतं. साखर उतरायला लागली की ते हुकूम सोडतं. लिव्हरला सांगतं, तुझ्याजवळचा साठा उघड. मग घाम फोडतं, छाती धडधडवतं, भूक लावतं. आपण म्हणतो भूक लागली. डॉक्टर म्हणाला, ती डोक्यानं मारलेली हाक असते.

माझ्या पोटात एक गाठ असणार, फोटोत दिसेल, म्हणाला. साखर उतरवायचं जे औषध वंदनाचे वडील सुईनं घेतात ते ही गाठ आतल्या आत तयार करून रक्तात सोडत होती. मी जेवले काय, उपाशी राहिले काय, तिचं चालूच. ओलीत करताना आपण दांडात पाणी सोडावं आणि वरच्या अंगाला कुणीतरी ते फोडून दुसरीकडे वळवावं, तसं. शेवटच्या वाफ्यात कोरडच राहणार. तो शेवटचा वाफा म्हणजे माझं डोकं.

"मग मले घाम काहून नाई आला?"

"दोन वर्षं हाका मारून मारून डोक्याला तेच अंगवळणी पडलं, आजी. आता ते हाक न मारताच बंद पडतं."

मग मी ज्यासाठी अकोल्याला आले होते ते विचारलं. "म्हणजे माह्यं डोकं खराब नाई?"

"नाही. डोकं चांगलं आहे. उपाशी आहे."

मी त्याला मायबद्दलही विचारलं. तो म्हणाला, आता सांगता येणार नाही, तिला कुणी तपासलंच नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

गाठ

फोटो काढला. गाठ स्वादुपिंडात निघाली. काळीज माहीत, किडनी माहीत, हे स्वादुपिंड माझ्यासोबत सदुसष्ट वर्षं राहिलं आणि एकदाही त्यानं ओळख दिली नाही. गाठ तुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी.

गाठ हा शब्द ऐकल्यावर दिलीपनं खुर्ची धरली. वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. अकोल्याचे व्याही उठून खिडकीपाशी गेले. मी एकटी हसत होते. डॉक्टरला वाटलं पुन्हा साखर उतरली. त्यानं खरंच माझं बोट टोचलं. एकशे बारा.

"माय, गाठ हाय म्हणून राहिले ते," दिलीप म्हणाला.

"ऐकलं मी. पोटात हाय न?"

"हो."

"मंग मागच्या खोलीतला पंखा काढ. तिथं कांदे ठेवू."

मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा दिलीप झाला तेव्हाही झाला नव्हता. तेव्हा मी दमले होते.

कुणाला हे विचित्र वाटेल. वाटू द्या. ज्यानं दोन वर्षं रोज सकाळी उठून आधी आपलं नाव आठवून पाहिलं आहे, त्याला कळेल.

ऑपरेशन करायचं का, यावर घरात पंधरा दिवस भांडण झालं. डॉक्टरनं दोन रस्ते सांगितले होते. गोळ्या घ्यायच्या आणि रात्रंदिवस घड्याळ लावून खात राहायचं, किंवा गाठ काढायची. दिलीप म्हणाला, या वयात पोट फाडायचं नाही. गोदाबाई म्हणाली, देवीवर सुरी चालवता काय, वंश बुडेल. वंदना काहीच बोलत नव्हती. मी तिला विचारलं तर म्हणाली, "मी बोलली अन् काई झालं तर जल्मभर माह्यावर येईन. तुमचं पोट, तुमी ठरवा."

मला असं सरळ बोलणं आवडतं. मी ठरवलं.

अमरावती

ऑपरेशन अमरावतीला झालं, सर्जन नागपूरहून यायचे. त्या सकाळी मी भ्याले. ते लपवत नाही. स्ट्रेचरवर झोपल्यावर मी दिलीपला म्हटलं, "जा तू, तुह्या तोंडाकडे पाहून मले रडू येते." तो गेला. मग वाईट वाटलं की खरंच गेला.

शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, पोटाला नळी, घशाला कोरड. सर्जन म्हणाले, "आजी, निघाली. पूर्ण निघाली. साधी होती, कॅन्सरची नव्हती." मी पाणी मागितलं. त्यांनी ओला कापूस दिला.

पुढचे बारा दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. पहिले तीन दिवस नुसतं दुखणं. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची, हे एका नर्सनं शिकवलं, आणि त्या उशीनं मला औषधापेक्षा जास्त आराम दिला. चौथ्या दिवशी चालवलं. माझी साखर आता वर चढली होती, अडीचशे. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, गाठ एवढे दिवस सगळं काम करत होती, बाकीचं स्वादुपिंड झोपलं होतं, उठायला वेळ लागेल. उठलं. सहाव्या दिवशी डाळीचं पाणी मिळालं. मी आयुष्यात खाल्लेल्या कोणत्याही पुरणपोळीपेक्षा ते चांगलं होतं. त्यात मीठ कमी होतं तरी.

सातव्या दिवशी गोदाबाई आली. हातात डबा. भाकर, मेथीची भाजी, वर ठेचा. मला तो चालणार नव्हता.

"काहून आणला?" मी विचारलं.

"मले काय मालूम तुले चालत नाई."

ती स्टुलावर बसली आणि डबा उघडून स्वतःच जेवली. अर्धी भाकर वंदनाकडे सरकवली. न पाहता, न बोलता. वंदनानं घेतली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

मंगळवार

दोन महिन्यांनी मी ठाण्यावर गेले. डॉक्टरनं उपवास बंद केला होता. दुपारी दीड भाकर आणि वांग्याची भाजी खाऊन गेले.

पंधरा-वीस बायका होत्या. सतरंजी घातलेली. आरती झाली, कापूर जळून गेला, सगळ्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"थांबा, देवी येईन," गोदाबाई म्हणाली.

"नाई येत, बाई. मी जेवून आली."

मग मी सगळं सांगितलं. गाठ, साखर, डोकं. म्हटलं, दोन वर्षं मी तुमाले जे बोलली ते देवी नव्हती. माह्या डोक्याले खायाले नव्हतं, उपाशी माणूस काहीबाही बोलते. अन् मले ते थोडंफार मालूम होतं. मी बोलली नाई. मले वेडी म्हणवून घ्यायची भीती होती. ते माह्यं चुकलं.

दोघी-तिघी नारळ उचलून निघून गेल्या. एक जाताना म्हणाली, देवीचा कोप होईल. होऊ द्या, मी तिच्याशी बोलून घेईन.

मागं सुमन उभी होती. आमच्या आळीतली, नवरा तापट. ती देवीला एकच प्रश्न तीनदा विचारून गेली होती आणि देवीनं तीनदा "बरं होईल" सांगितलं होतं. ते तिनं मला सांगितलं आणि म्हणाली, "मंग आता कोणाले विचारू?"

"प्रश्न काय हाय तुहा?"

"पोरगीले अमरावतीले नर्सिंगले पाठवू काय?"

"तिले विचारलं काय?"

"नाई."

"दोन वर्षं मले विचारते, अन् घरातल्या पोरीले विचारलं नाई? जा, तिले विचार. जाते म्हणे तर पाठव. नवरा आडवा आला तर माह्याकडे धाड."

सुमननं पदर खोचला. "देवी अशी वस्कन अंगावर येत नव्हती," म्हणाली आणि गेली.

ज्यांच्या घरी असं काही होत असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. उपाशी पोटी कुणी भलतंच बोलायला लागलं, ओळखेनासं झालं, आणि त्याला गिळता येत असेल, तर आधी तोंडात साखर घाला. गिळता येत नसेल तर तोंडात काही कोंबू नका, सरळ दवाखान्यात न्या. मग आकडा मोजून घ्या. नारळ नंतर फोडता येतो. आणि सून काही म्हणत असेल तर ऐकून घ्या.

आता मी पुन्हा पहाटे फुलं तोडते. टोपल्या उचलायला दिलीप येतो, तेवढं मी सोडलं. पण बाजारात मीच जाते. वेळेवर खाल्लं नाही की हात कापतात, कपाळाला घाम येतो, पोटात कालवतं. डोक्याची ती हाक पहिल्यांदा परत आली तेव्हा मी बाजारात मधोमध उभी राहून हसत होते. मग कचोरी खाल्ली.

परवा ऑटोत टोपल्यांच्या मधे सुमनची पोरगी बसली होती, मांडीवर कागदांची पिशवी. तिचा बाप तिला सोडायला ऑटोपर्यंत आला होता, तोंड वाकडं करून, पण आला होता. शहर जवळ आलं तसं तिनं मला विचारलं, "आजी, देवी आली तवाचं तुमाले खरंच काई आठवत नाई?"

"काई नाई."

"अन् आता?"

"आता सगळं आठवते," मी म्हटलं. "म्हणून तं लोकाइले त्रास होते."